पोकळी अचूक, चाल लंगडी: रोबोडॉकचं प्रकरण

वाचता वाचता जरा उभे राहा आणि उजवा पाय जमिनीवरून उचला. आता डाव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, कंबरेच्या हाडाच्या कडेखाली, हात दाबून धरा. आत एक स्नायू ताठरलेला हाताला लागेल. हा ग्लूटिअस मीडिअस. कंबरेचं हाड त्यानं डावीकडून खेचून धरलंय, म्हणून तुमची उजवी बाजू खाली लटकली नाही. चालताना दर पावलाला एक पाय हवेत असतोच. त्यामुळे हा स्नायू दिवसभरात हजारो वेळा हेच काम करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. तो फाटला किंवा हाडावरून सुटला की माणूस बदकासारखा डुलत चालायला लागतो. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदानं १८९५ साली या चालीचं कारण उलगडून सांगितलं. अस्थिरोगतज्ज्ञ आजही रुग्णाला एका पायावर उभं करून तेच तपासतात.

सांधेरोपणासाठी माणसाच्या हाडात स्वतः कोरीवकाम करणाऱ्या पहिल्या रोबोटची हकिगत या स्नायूपासून सुरू करतोय, कारण ती अडली ती इथेच. रोबोटचं नाव रोबोडॉक. जन्म कॅलिफोर्नियातला, भरभराट जर्मनीतली, आणि बदनामीही तिथलीच. आज आपल्याकडे रस्त्याकडेच्या फलकांवर 'रोबोटिक सांधेरोपण' असं ठळक अक्षरांत वाचायला मिळतं. त्या शब्दांमागे काय काय घडून गेलंय ते या एका प्रकरणातून बरंच कळतं.

हातोडी आणि कान

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. सांधा झिजला की शल्यविशारद मांडीच्या हाडाचा गोळा कापून काढतो, वाटीच्या जागी नवी वाटी बसवतो आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा उतरवतो. या दांड्याला आपल्याकडेही सगळे स्टेमच म्हणतात. स्टेमच्या माथ्यावर नवा गोळा. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी ही शस्त्रक्रिया रुळवली तेव्हा स्टेम हाडात पक्का करायला सिमेंट वापरलं जायचं. पुढे असं दिसलं, की तरुण आणि धडधाकट रुग्णांमध्ये काही वर्षांनी ही पकड सैल होते. म्हणून १९८० च्या दशकात सिमेंटविना बसणारे स्टेम जोरात आले. त्यांचा पृष्ठभाग खरबरीत, बारीक छिद्रांचा. कल्पना अशी, की हाडच त्या छिद्रांत वाढेल आणि धातूला कायमचं धरून ठेवेल.

पण हाड फार मानी असतं. धातू आणि हाड यांच्यात हालचाल होत असेल तर ते वाढत नाही. प्रयोगांतून साधारण असं प्रमाण दिसलं: हालचाल ५० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड आत शिरतं, १५० मायक्रॉनच्या वर गेली तर हाडाऐवजी मऊ तंतुमय पडदा तयार होतो. ५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. म्हणजे स्टेम पाचरीसारखा घट्ट बसायला हवा, आणि त्याच्यासाठी कोरलेली पोकळी त्याच्याच आकाराची हवी.

ही पोकळी कोरायची कशानं? ब्रोच नावाच्या अवजारानं. दिसायला ते स्टेमचंच भावंड, फक्त अंगभर कानशीसारखे दाते. शल्यविशारद ते हाडात ठेवतो आणि हातोडीनं ठोकतो. लहान मापापासून सुरुवात, मग मोठं, मग आणखी मोठं. कुठे थांबायचं हे बऱ्याच अंशी कान सांगतो. ब्रोच सैल असेपर्यंत ठोक्याचा आवाज बोदा येतो. हाडाच्या कडक भिंतीला दाते भिडले की आवाज चढतो, खणखणीत होतो. दाराच्या चौकटीत पाचर ठोकणारा सुतार ज्यांनी पाहिलाय त्यांना हा आवाजातला फरक वेगळा सांगायला नको. एक ठोका कमी पडला तर स्टेम पुढे खाली सरकतो. एक जास्त पडला तर हाडाला चीर जाते.

ब्रोच कापतो त्याहून जास्त चेचतो. आतलं हाड स्पंजासारखं, त्याचे कोपरे तुटतात, भिंत वेडीवाकडी होते. एक्स-रेमध्ये सगळं छान दिसतं, पण हाड उभं कापून बघितलं तर स्टेम काही ठिकाणी टेकलेला आणि बाकी ठिकाणी फट.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो भागात काम करणारे दोघं जण १९८० च्या दशकाच्या मध्यावर याच फटींवर विचार करत होते. एक विल्यम बार्गर, माणसांचे अस्थिशल्यविशारद. दुसरे हॉवर्ड पॉल, ज्यांना सगळे 'हॅप' म्हणायचे. ते जनावरांचे डॉक्टर होते. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना खुब्याचा आनुवंशिक विकार होतो आणि त्यांचेही सांधे बदलावे लागतात, हे पॉल यांचं रोजचं काम. सीटी स्कॅनवरून प्रत्येक रुग्णाच्या हाडाबरहुकूम स्टेम बनवून घ्यायचा, अशी दोघांची धडपड होती. मग त्यांच्या लक्षात आलं, की बेतून शिवलेला सदरा हवा तर माप घेणाराही तसाच हवा. स्टेम संगणकाच्या मापानं बनवायचा आणि पोकळी हातोडीनं कोरायची, याला अर्थ काय?

ते आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात गेले. तिथे रसेल टेलर आणि त्यांचे सहकारी यंत्रमानवांवर काम करत होते. आयबीएम आणि डेव्हिस शहरातलं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून जे उभं केलं, त्यातला यांत्रिक हात होता जपानी सान्क्यो सेइकी कंपनीचा, म्हणजे कारखान्यात सुटे भाग जोडणाऱ्या जातीचा रोबोट. त्याच्या टोकाला वेगानं फिरणारं कटर लावलं. १९९० मध्ये इंटिग्रेटेड सर्जिकल सिस्टिम्स ही कंपनी निघाली आणि त्याच सुमाराला पॉल यांनी २६ कुत्र्यांवर या यंत्रानं शस्त्रक्रिया केल्या. ही काही प्रयोगासाठी पाळलेली कुत्री नव्हती, खुब्याच्या दुखण्यानं बेजार झालेली लोकांच्या घरची कुत्री होती. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग विशेष वाटतो. यंत्र आधी खऱ्या रुग्णांच्या कामी आलं, फक्त रुग्ण चार पायांचे होते.

७ नोव्हेंबर १९९२ रोजी सॅक्रामेंटोच्या सटर जनरल रुग्णालयात रोबोडॉकनं पहिल्यांदा माणसाच्या मांडीचं हाड कोरलं. काही महिन्यांत, १९९३ मध्ये, हॅप पॉल वारले. सांधेरोपणाच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा एक पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो.

पाय शिकंज्यात

रोबोडॉकची शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालायची ते जरा सावकाश बघू, कारण पुढचा घोळ या तपशिलात आहे.

सुरुवातीच्या पद्धतीत रुग्णाला दोनदा शस्त्रक्रियागृहात जावं लागे. पहिल्या खेपेला मांडीच्या हाडात धातूचे छोटे खिळे बसवायचे, एक वर खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यात आणि बाकीचे खाली गुडघ्याजवळ. मग सीटी स्कॅन. स्कॅनमध्ये हाड दिसतं आणि खिळेही लख्ख दिसतात. शल्यविशारद ऑर्थोडॉक नावाच्या संगणकापुढे बसून पडद्यावर स्टेम निवडतो, हाडात फिरवून बघतो, वर-खाली करतो, किती वाकडा-सरळ बसवायचा ते ठरवतो. ही आखणी यंत्रात भरली जाते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी खुबा नेहमीसारखाच उघडायचा. गोळा हातानंच कापायचा. त्यानंतर मांडीचं हाड एका शिकंज्यात आवळून रोबोटच्या बुंध्याला जखडायचं. रोबोट आपलं टोक एकेका खिळ्याला टेकवतो. खरे खिळे कुठे आहेत ते समजलं, की स्कॅनमधले खिळे आणि हे खिळे यांचा मेळ घालून संपूर्ण हाड कुठे कसं आहे ते तो गणितानं काढतो. मग कटर हाडात शिरतं. वरून पाण्याची धार चालू असते, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेनं हाड जळेल. शल्यविशारदाच्या हातात थांबवायचं बटण. समोर पडद्यावर पोकळी थराथरानं खोल होताना दिसते. हाड जरा जरी सरकलं तरी एक संवेदक यंत्र थांबवतो. मग पुन्हा खिळे शोधा, पुन्हा मेळ घाला, पुन्हा सुरू.

वर्णन वाचून वाटतं तेवढं ते सहज नव्हतं. पण पोकळी खरोखर देखणी व्हायची. लेथवर काढल्यासारखी.

आकडे सुरुवातीला काय म्हणत होते? बार्गर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतले आणि जर्मनीतले निकाल एकत्र प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या तुलनात्मक चाचणीत रोबोटच्या गटात स्टेमची बैठक आणि जागा एक्स-रेवर स्पष्टपणे सरस होती, आणि तो एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ स्वतंत्र होता. हातानं केलेल्या गटात शस्त्रक्रियेदरम्यान तीन जणांचं हाड चिरलं, रोबोटच्या गटात एकाचंही नाही. जर्मनीच्या ९०० खुब्यांमध्येही एकही चीर नव्हती. ही बाब लहान नाही. हातोडीचा तो एक जास्तीचा ठोका यंत्रानं खरोखरच पुसून टाकला होता.

त्याच निबंधात आणखी दोन गोष्टी होत्या. अमेरिकेतल्या चाचणीत रोबोटला वेळ जास्त लागला आणि रक्त जास्त गेलं. आणि हॅरिस गुणांकनात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हॅरिस गुण म्हणजे शंभरपैकी: दुखतं का, काठी लागते का, जिने चढता येतात का, मोजे स्वतः घालता येतात का. स्टेम सरस बसला होता, पण ज्याच्यात बसला होता त्याला त्याचा काही खास फरक कळत नव्हता. हे वाक्य १९९८ साली छापलेलं होतं. ते कुणाला अडवू शकलं नाही.

फ्रँकफुर्ट

अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी चाचण्यांपाशी अडून होती. जर्मनीत तसं नव्हतं. १९९४ मध्ये फ्रँकफुर्टच्या अपघात रुग्णालयात रोबोडॉक आला आणि तिथून पसरला. कास्पार नावाचं प्रतिस्पर्धी जर्मन यंत्रही बाजारात उतरलं. शतक संपेपर्यंत तिथे हजारो खुबे रोबोटनं कोरून झाले होते. फ्रँकफुर्टच्या अहवालांनुसार वेळही झपाट्यानं खाली आला होता, पहिल्या शस्त्रक्रियेला २४० मिनिटं लागली होती ती पुढे ९० वर आली. दूरदूरहून रुग्ण येत. यंत्र कधी थकत नाही, त्याचा हात थरथरत नाही, हे पटवून द्यायला वेगळे श्रम लागत नाहीत. जर्मन माणसाला तर नाहीच.

पहिली कुरकुर आली गुडघ्यातून. गंमत बघा, दुखणं खुब्याचं, शस्त्रक्रिया खुब्याची आणि नंतर ठणकतोय गुडघा. कारण ते खिळे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जिथे खिळा घातला होता, तिथे रुग्णांना टिकून राहणारी वेदना होत होती. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी अशा २० रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये मांडला. पुढे खिळ्यांविना, हाडाच्या पृष्ठभागावर बिंदू टेकवून मेळ घालायची पद्धत निघाली आणि तो त्रास मागे पडला. तो सुटणाराच प्रश्न होता.

न सुटणारा प्रश्न २००३ मध्ये समोर आला. एका जर्मन चमूनं १५४ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास अमेरिकेच्या हाडे-सांध्यांच्या नामांकित नियतकालिकात छापला. ८० रुग्णांची शस्त्रक्रिया हातानं, ७४ जणांची रोबोडॉकनं. त्यातले आकडे मला अजूनही पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात, कारण एकाच तक्त्यात दोन वेगळ्या कहाण्या आहेत.

पहिली कहाणी यंत्राच्या बाजूची. पायांच्या लांबीतला फरक हाताच्या गटात सरासरी ०.९६ सेंटिमीटर, रोबोटच्या गटात ०.१८. स्टेमचा कल हाताच्या गटात सरासरी ०.८४ अंश, रोबोटच्या गटात ०.३४. एका वर्षानंतर हॅरिस गुणही रोबोटवाल्यांचे किंचित बरे.

आणि दुसरी. ७४ पैकी १३ शस्त्रक्रियांमध्ये यंत्रणा मध्येच अडली आणि पुढचं काम हातानं उरकावं लागलं. राहिले ६१. त्यातल्या ११ जणांचा नवा सांधा निखळला. हाताच्या गटात ८० पैकी ३ जणांचा. शस्त्रक्रियेला सरासरी ८२ मिनिटांऐवजी १०७ मिनिटं लागली. वारंवार निखळणं आणि ठळक लंगडणं यांपायी ६१ पैकी ८ जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, आणि त्या कारणासाठी हाताच्या गटात कुणालाही नाही. या फेरशस्त्रक्रियांत पुन्हा खुबा उघडला तेव्हा प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली: ग्लूटिअस मीडिअसची दोरी, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा कंडरा, तुटलेली.

यंत्रानं काय पाहिलं नाही

इथे तांत्रिक बाब जरा नीट समजून घ्यायला हवी. 'रोबोट चुकला' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तसं घडलेलं नाही.

ग्लूटिअस मीडिअस मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटतो. स्टेमची पोकळी त्याच उंचवट्याच्या शेजारून खाली जाते. कटर सरळ आणि ताठ. त्याला हाडाच्या लांबीच्या रेषेत वरून उतरायचं असतं, म्हणजे त्या तोंडाशी मोकळी जागा हवी. मांडी शिकंज्यात आवळलेली, हलवायची सोय नाही. मग जागा कुणी करून द्यायची? स्नायूनं. तो चिमट्यांनी बाजूला ओढून धरायचा, आणि कटर फिरत असेपर्यंत धरून ठेवायचा. हातानं ब्रोच ठोकणारा शल्यविशारद अडचण आली की मनगट कलतं करतो, सहायकाला चिमटा सैल करायला सांगतो, पाय जरासा वळवून घेतो. आपण हे करतोय हे त्याच्या लक्षातही येत नसेल. रोबोटची वाट मात्र आदल्या दिवशीच ठरलेली.

आणि ती वाट ज्या चित्रावर आखली, त्यात स्नायू नव्हताच. आखणी सीटी स्कॅनमधल्या हाडावर झाली होती, खिळे हाडात होते, मेळ हाडाशी घातला होता, थांबवणारा संवेदकही हाड सरकतंय का एवढंच बघत होता. यंत्राच्या जगात हाड होतं आणि हवा होती. कटरच्या वाटेत चार मिलिमीटर कंडरा आला तर यंत्राच्या लेखी तिथे हवाच. त्यानं नेमून दिलेलं काम चोख केलं. काम नेमून देणाऱ्यांनी 'अचूक' या शब्दाचा अर्थ पोकळीच्या भिंतीपुरता ठरवला होता, कारण तोच मोजता येत होता. १९८५ मध्ये जो प्रश्न दोन डॉक्टरांना सतावत होता तो फटींचा होता, आणि यंत्र फटींचं उत्तर होतं. स्नायूबद्दल त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

याच्या उलट बाजूचा एक पुरावाही आहे, आणि तो सांगितला नाही तर प्रकरण एकांगी होईल. जपानमध्ये ओसाकाच्या शल्यविशारदांनी हेच यंत्र वापरलं. २०१० मध्ये त्यांनी १४६ खुब्यांचा, पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केलेला अभ्यास छापला. तिथे जर्मनीसारखा हाहाकार झाला नाही. पायांच्या लांबीतला फरक रोबोटच्या गटात ० ते १२ मिलिमीटरांत राहिला, हाताच्या गटात ० ते २९ पर्यंत गेला. हाडाची झीज रोबोटच्या गटात कमी दिसली. दोन-तीन वर्षांनी रुग्णांचे गुण रोबोटकडे थोडे झुकलेले, पाच वर्षांनी दोन्ही गट सारखे. म्हणजे त्याच कटरनं, त्याच सॉफ्टवेअरनं, स्नायू सांभाळूनही काम करता येत होतं. खुबा कुठल्या बाजूनं उघडायचा, किती उघडायचा, चिमटे कुणी कसे धरायचे, यावर बराच फरक पडत होता. म्हणूनच 'यंत्र केलं की माणसाच्या हाताचा प्रश्न मिटला' ही जाहिरात मला सगळ्यांत जास्त खटकते. हात फक्त हातोडीवरून चिमट्यावर गेला होता.

न्यायालय, अहवाल, विक्री

जर्मनीत त्यानंतर जे झालं ते झटपट झालं. रुग्णांच्या संघटना उभ्या राहिल्या, दावे दाखल झाले, वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरलं. २००४ मध्ये तिथल्या आरोग्य विमा संस्थांच्या वैद्यकीय सेवेनं उपलब्ध पुरावा तपासून अहवाल दिला: या पद्धतीचा रुग्णाला फायदा होतो असं दाखवता येत नाही. त्याच सुमाराला तिथे या यंत्रांचा वापर थांबला.

न्यायालयातलं एक प्रकरण कायद्याच्या वर्गात आजही शिकवण्यासारखं आहे. १९९५ मध्ये रोबोडॉकनं शस्त्रक्रिया झालेल्या एका महिलेच्या मज्जातंतूला इजा झाली. ती कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेली. १३ जून २००६ चा निकाल दोन टोकं एकत्र बांधतो. न्यायालय म्हणालं, पद्धत नवी असेल तर रुग्णाला नुसते नेहमीचे धोके सांगून भागत नाही. ही पद्धत अजून रुळलेली नाही आणि तिच्यात आज माहीत नसलेले धोकेही असू शकतात, हे स्पष्ट सांगायला हवं. त्या महिलेला तसं पुरेसं सांगितलेलं नव्हतं. तरीही ती हरली. कारण तिला प्रत्यक्षात जी इजा झाली, मज्जातंतूची, तो धोका तिला आधी सांगितलेला होता. कायद्याच्या तर्काला यात खोट नसेल. पण तो वाचून बरं वाटत नाही.

कंपनीची मालमत्ता २००७ मध्ये विकली गेली आणि यंत्र कोरियाच्या क्युरेक्सो समूहाकडे गेलं. विशेष म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची खुब्यासाठीची मंजुरी त्यानंतर, २००८ मध्ये मिळाली, पहिल्या माणसाच्या जवळजवळ सोळा वर्षांनी. अमेरिकेतली शाखा पुढे थिंक सर्जिकल झाली. कोरियातल्या क्युरेक्सोनं पुढच्या पिढीचं यंत्र बनवलं, त्याचं नाव क्युव्हिस जॉइंट, आणि ते भारतात वापीच्या मेरिल कंपनीमार्फत आलं. म्हणजे आपल्याकडे जिथे जिथे हे यंत्र गुडघे कोरतं, तिथे रोबोडॉकचाच वंश काम करतोय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, दोन दशकांत यंत्रं पुष्कळ सुधारली आहेत. पण फलक बघताना वंशावळ माहीत असलेली बरी.

आपल्याकडे खुब्यापेक्षा गुडघा जास्त बदलला जातो, त्यामुळे गुडघ्याचाही एक आकडा इथे सांगून टाकतो. कोरियात रोबोडॉकनंच गुडघे बदललेल्यांचा एक मोठा यादृच्छिक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत प्रत्येकी ६७४ रुग्ण, पाठपुरावा सरासरी १३ वर्षांचा. चालणं-फिरणं, सांधा सैल होणं, सांधा टिकणं, कशातच फरक नाही. १५ वर्षांनी दोन्ही गटांतले सुमारे ९८ टक्के सांधे जागेवर. हातानं केलेल्या गटाचाही हा आकडा आहे, हे विसरू नये. चांगल्या हाताचा निकाल इतका चांगला असतो, की त्याच्यावर मात करायला यंत्राला जागाच थोडी उरते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, पण ती सांध्याला आहे. बिलात रोबोटचे म्हणून जे वेगळे पैसे लागतात ते त्या मर्यादेत येत नाहीत.

हातोडी परत

रोबोडॉकच्या पडझडीतून अभियंत्यांनी जो धडा घेतला तो मात्र कामाचा निघाला. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात ब्रायन डेव्हिस यांच्या चमूनं ॲक्रोबॉट नावाचं यंत्र बनवलं. त्याची कल्पना अशी, की रोबोटनं स्वतःहून काहीच कापायचं नाही. कटर शल्यविशारदाच्या हातात, यंत्र फक्त कुंपण घालतं. आखलेल्या हद्दीत हात मोकळा फिरतो, हद्दीबाहेर न्यायला गेलं की अदृश्य भिंतीला धडकल्यासारखा अडतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्या चाचणीत, अर्ध्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत, ॲक्रोबॉटचे सगळे गुडघे ठरवलेल्या कोनाच्या दोन अंशांच्या आत बसले. नुसत्या हातानं केलेल्यांपैकी ४० टक्केच बसले. इथे स्नायू समोर आला तर तो बघायला माणूस आहे, थांबायला त्याचं मनगट आहे.

आज जगभर पसरलेला माको याच जातीचा. २०१३ मध्ये स्ट्रायकर कंपनीनं माको विकत घेतली तेव्हा १६५ कोटी डॉलर मोजले. गुडघ्यात तो करवतीला कुंपण घालतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेत तो वाटीची जागा घासायला आणि वाटी ठरलेल्या कोनात बसवायला मदत करतो.

मांडीच्या हाडातली पोकळी, जिच्या फटींपायी हा सगळा खटाटोप १९८० च्या दशकात सुरू झाला, ती माकोच्या खुब्यात हातानंच कोरली जाते. शल्यविशारद ब्रोच हाडात ठेवतो, हातोडी उचलतो, आणि ठोक्यागणिक आवाज चढतोय का ते ऐकतो.